गार्नेटभोवतीची हिरवी कड वाचताना या चुका टाळा

गार्नेट-अभ्रकी शिस्टचा (दाब-उष्णतेने बदललेल्या पापुद्री खडकाचा) थिन सेक्शन, म्हणजे पारदर्शक होईल इतका पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गार्नेटच्या भेगांत शिरलेलं हिरवं क्लोराइट हे पाणीयुक्त खनिज दिसतं. शेजारच्या बायोटाइटमध्येही (काळ्या अभ्रकात) तशाच हिरव्या पट्ट्या असतात. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. खनिजं एकमेकांत गुंतलेली दिसली की ती एकाच वेळी, समतोलात वाढली असं वहीत लिहिलं जातं. खरं तर बहुतेक वेळा ती अर्ध्यावर थांबलेली प्रक्रिया असते. खडक वर येताना थंड झाला, भेगांतून पाणी आलं, आणि जिथे पाणी पोचलं नाही तिथे जुनं खनिज तसंच राहिलं.

पट्ट्यांजवळ जरा थांबा, सूक्ष्मदर्शकाचं स्टेज (फिरतं तबक) सावकाश फिरवा. बायोटाइटच्या पाटनरेषा (ज्यांवर खनिज सहज फुटतं त्या रेषा) क्लोराइटमधून सरळ पुढे जातात का? त्या रेषांवर रुटाइलच्या सुया किंवा स्फीनचे बारीक कण (दोन्ही टायटॅनियमची खनिजं) आहेत का? असतील तर क्लोराइट बायोटाइटची जागा घेत आलंय. बायोटाइटमधलं टायटॅनियम क्लोराइटमध्ये मावत नाही, ते तिथेच वेगळं पडतं. पोटॅशियम मात्र पाण्याबरोबर निघून जातं.

म्हणूनच प्रोबवर (इलेक्ट्रॉन किरणाने खनिजाची रासायनिक घडण मोजणाऱ्या यंत्रावर) 'क्लोराइट'मध्ये अर्ध्या टक्क्याहून जास्त पोटॅशियम ऑक्साइड आलं, तर ते विश्लेषण वापरू नका. किरणाखाली बहुधा दोन्ही खनिजं आली आहेत. त्यावर काढलेलं तापमान कुठल्याच खऱ्या खनिजाचं नसतं.

दुसरा घोटाळा सिम्प्लेक्टाइटचा, म्हणजे दोन खनिजांच्या बारीक गुंफणीचा. लडाखमधल्या त्सो मोरीरीच्या एक्लोजाइटमध्ये (खूप दाबाखाली बनलेल्या खडकात) गार्नेटच्या आत कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारं सिलिकेचं रूप सापडलंय, म्हणजे हा खडक सुमारे ९० किमी खोल जाऊन आलाय. वर येताना दाब उतरला. ऑम्फासाइट या एक्लोजाइटमधल्या हिरव्या पायरॉक्सीनमधला सोडियमयुक्त जेडाइट घटक सिलिकेशी मिळून अल्बाइट (सोडियमचं फेल्डस्पार) झाला, आणि उरलं कमी सोडियमचं पायरॉक्सीन. अणूंना लांब सरकता येईना, म्हणून दोन्ही खनिजं गांडुळासारखी एकमेकांत वाढली. याला पर्थाइटसारखं (फेल्डस्पारमधल्या पट्ट्यांसारखं) विलगीकरण म्हणू नका. तिथे एकच स्फटिक थंड होताना आतल्या आत दोन खनिजांत वेगळा होतो, इथे शेजारून सिलिका यावी लागते.

त्या गांडुळी पायरॉक्सीनवरून कमाल दाब काढायला गेलात तर आकडा फार कमी येईल. गार्नेटच्या पोटात शाबूत राहिलेला ऑम्फासाइटचा कण शोधा. गार्नेटला भेग असेल, तर ती त्या कणापर्यंत पोचली आहे का तेही आधी बघा.