आरपीमधे व्हिलन खेळायचा आहे? मग आधी बंदूक आत ठेवा

गावागावातले पोट्टे आता फाईव्हएमवर, म्हणजे जीटीए गेमचे वेगळे ऑनलाईन सर्व्हर चालवायच्या सॉफ्टवेअरवर, जीटीए आरपी (रोलप्ले, एक कॅरेक्टर बनवून त्याच्यासारखंच वागायचं, बोलायचं) खेळून राहिले अन् ज्याला त्याला डॉन व्हायचं असते. सर्व्हरवर आला, गन घेतली, चौकात चार जण उडवले, झाला डॉन. याला आरडीएम म्हणतात, कारण नसताना मारणं, त्यावर बॅन बसते अन् बसायलाच पाहिजे. चांगला व्हिलन मारत नाही, अडकवतो. एवढं डोक्यात ठेवून कॅरेक्टर बनवा.

कारण पहा. बऱ्याच सर्व्हरवर न्यू लाईफ रूल असते, कॅरेक्टर मेलं अन् हॉस्पिटलमधून उठलं की मरायच्या आधी काय झालं, कोणी गोळी घातली, काहीच आठवत नाही असं धरून खेळावं लागते. म्हणजे ज्याला तुम्ही मारलं त्याच्या लेखी तुम्ही कोणीच नाही, तुमची दहशत तुम्हीच पुसली. तेच त्याला सोडून दिलं पण त्याचं काहीतरी तुमच्याकडं अडकवून ठेवलं, तर तो माणूस पुढचे कितीतरी दिवस तुमच्याच विचारात खेळतो, दोस्त जमवतो, पोलिसात जाऊ का नको करत राहतो, वकील शोधतो, अन् हे सगळं खेळायला त्याला तुमच्यामुळं भेटलं.

कॅरेक्टर घेताना मुंबईचा भाई कॉपी करू नका, ती भाषा आपल्या तोंडात बसत नाही. आपण पाहिलेला माणूस घ्या. माझं मत विचाराल तर आपल्यासाठी सगळ्यात भारी व्हिलन सावकार. पेरणीच्या तोंडावर पैसे देतो, सवाईनं नाहीतर दिढीनं वसूल करतो, अन् कागदावर कर्ज न लिहिता वावराची विक्रीच लिहून घेतो. मुख्य म्हणजे तो स्वतःला वाईट समजत नाही, बँकेनं हाकललं तेव्हा मीच उभा राहिलो ना, हे तो मनापासून म्हणतो, अन् त्यात थोडं खरं पण असते, म्हणून त्याच्यासोबत भांडणं कठीण जाते. लॉस सँटोसमधे, म्हणजे गेममधल्या शहरात, वावर नाही, तर गॅरेज घ्या, टॅक्सी घ्या, हॉटेल घ्या.

गॅरेजवाल्याकडं हप्ता मागायला गेलात असं समजा. आत जाऊन ओरडू नका. बसा. मग चॅटमधे /मी (/me, आपलं कॅरेक्टर काय करते ते लिहायची कमांड) टाका, "डायरी काउंटरवर ठेवतो, पेनाचं टोपण काढतो". /डू (/do, आजूबाजूला काय दिसते ते लिहायची कमांड) टाका, "डायरीत गॅरेजचं नाव अन् समोर कोरी जागा दिसते". अन् माईकवर हळू आवाजात, "काय भाऊ, गॅरेज तं मस्त चालून राह्यलं तुमचं. घाई नाही आपल्याले. पोळा होऊ द्या. लहान भाऊ दिसला नाही दोन दिवस, बरा हाय ना?" इथं थांबायचं. आता समोरच्याला बोलू द्या, तो रडो, भांडो, खोटं बोलो, ते त्याचं आहे. नवीन पोरांना शांतता सहन होत नाही, ते लगेच गन काढतात अन् सीन तिथंच मरतो.

झाडीपट्टीतल्या खलनायकाकडं या नजरेनं पहा. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडं वडशाच्या कंपन्यांची रात्रभर नाटकं चालतात, तिथं पब्लिक शिव्या घालते तेव्हा तो वाक्य रेटत नाही, शिव्या संपू देतो अन् मग पुढचं टाकतो. माईकवर हेच करायचं.

/मी वापरताना निकाल स्वतःच लिहू नका. "त्याचे हात बांधतो" हे पॉवरगेमिंग, "हात धरायचा प्रयत्न करतो" हे बरोबर, कारण पुढं काय झालं हे समोरच्यानं सांगायचं असते. आपल्याकडं अजून एक अडचण येते, दोन दोस्त एकाच खोलीत नाहीतर एकाच कॅफेत बसून खेळतात अन् बाजूवाला माईकवर काय बोलला ते कानावर पडते. त्या माहितीवर कॅरेक्टर चालवलं की ते मेटागेमिंग झालं, तिथं व्हिलननं तर जास्तच सांभाळायचं, हेडफोन घाला, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत बसा. अन् लाईट. भर सीनमधे लाईट गेली की समोरच्याला वाटते हरायला लागला म्हणून पळाला, कॉम्बॅट लॉगचा रिपोर्ट पडतो. मोबाईल डेटावरून ताबडतोब डिस्कॉर्डवर मेसेज टाका, अन् लाईट आली की त्याच जागेवरून सीन उचला, फायदा घेऊ नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते. सावकार आपल्याकडं चालतो कारण तो सगळ्यांना माहित आहे, अन् त्याच कारणानं तो लागतो पण. समोर खेळणाऱ्याच्या घरात कर्जापायी काय होऊन गेलं हे तुम्हाला ठाऊक नसते. म्हणून असा ट्रॅक सुरू करायच्या आधी कॅरेक्टरच्या बाहेर येऊन डीएम करा, असं असं करणार आहे, चालेल का, कोणता विषय नको. आत्महत्येचा विषय तर तुमच्याकडून काढूच नका. जात काढायची नाही, बायामुलींवरून धमकी द्यायची नाही, कॅरेक्टर कितीही हलकट असो. सीन चालू असताना कोणी थांब म्हटलं तर कारण विचारू नका, तिथंच थांबा. अन् सीन झाल्यावर मेसेज टाका, मस्त खेळला भाऊ, काही लागलं तर सांग.

हरायचा रस्ता तुम्हीच ठेवा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं लायसन नसताना सावकारी करणं गुन्हा आहे अन् हडपलेली जमीन परत देता येते, तसाच कच्चा दुवा गेममधे ठेवायचा. ती डायरी कुठंतरी सापडेल अशी ठेवा, नाहीतर तुमचा मुनीम फुटेल असा खेळा. कोणी मेहनत करून तिथवर पोचला की त्याला ते भेटू द्या, ऐनवेळी नवीन पुरावा नाहीतर नवीन गुंड काढून डाव उलटवू नका. जेल झाली तर जेल खेळा, तिथं पण उधारी चालते. अन् सीके ठरला, म्हणजे कॅरेक्टर कायमचं मारायचं असं ॲडमिनसोबत बोलून ठरलं, तर त्याचे पैसे, गाड्या, दुश्मनी काही पुढच्या कॅरेक्टरमधे नेऊ नका, भाऊ म्हणून बदला घ्यायला तर येऊच नका. नवीन आवाज घ्या, दुसरा धंदा घ्या, अन् थोडे दिवस साधा माणूस खेळा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या व्हिलनला पण गिऱ्हाईक भेटेल.