कृष्णेचं पाणी चढतंय? घर सोडण्याआधी
सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. नदीकाठच्यांनी 45 ची वाट बघूच नये. जनावरं चाळिशीलाच हलवावीत; रस्त्यावर पाणी आलं की म्हैस ट्रॉलीत चढायला बिथरते. एखादं मागे राहिलंच तर दावं सोडा, बांधलेलं जागीच बुडतं. मेन स्विच पाडा, पण हात आणि पाय कोरडे असतील तरच. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधा. भरलेला घरगुती सिलिंडरही तरंगतो, जड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सांडपाणी उलटं येऊ नये म्हणून संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवा. आधार, पासबुक, औषधं प्लास्टिकमध्ये. बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून लोक बुडाले, ते आठवा.