ऑनियन रिंग्ज, कडक भाकरीच्या चुऱ्यातल्या

आईंना तळलेलं बंद, म्हणून ओव्हनमध्ये ऑनियन रिंग्ज केल्या. दोनदा मऊ पडल्या, पीठही सुटलं. चूक मिठाची होती. चकत्यांना आधीच मीठ लावल्यानं कांद्याला पाणी सुटत होतं.

आता चकत्या फडक्यानं कोरड्या करते, कोरडं बेसन भुरभुरवते. मीठ, तिखट घट्ट दही-बेसनाच्या घोळात. वरून ब्रेडक्रम्सऐवजी आपली सोलापुरी ज्वारीची कडक भाकरी, जाडसर कुटून, चमचाभर तेल चोळून. तेलाशिवाय चुरा पांढरट, कोरडाच राहतो. ओव्हन २२० अंशांवर आधी तापवून, ट्रेऐवजी जाळीवर १२ मिनिटं, उलटून आणखी ८. जाळीमुळे वाफ खालून निघून जाते.

आईंनी शेंगाचटणी दह्यात कालवून सोबत घेतली. कुरकुर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली!