थंड पाण्यात डायव्हिंग: सूट ठरवताना खोलीवरचं तापमान विचारा

मालवण-तारकर्लीला ३ मिलीमीटरचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी डायव्हिंग पोशाख) पुरला म्हणून मुंबईहून तोच बॅगेत भरून थंड देशात जाऊ नका. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. डायव्ह सेंटरला नेमकं विचारा: जिथे उतरणार त्या खोलीवर पाणी किती अंश? पृष्ठभागाचा आकडा फसवतो. ढोबळमानाने २० ते २४ अंशांना ५ मिमी, १५ ते २० ला ७ मिमी आणि हूड (डोकं-मान झाकणारी टोपी), १२-१३ च्या खाली ड्रायसूटच, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा, आत हवा असलेला सूट. आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं.

वेटसूट ज्या फेसाळ रबराचा असतो त्या निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे ऊब धरतात, पण १० मीटरवर ते जवळपास निम्मे दबतात. म्हणून जेमतेम पुरेल असा सूट घेण्यापेक्षा एक पायरी जाड घ्या.

मात्र जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. सूट चढवून हात वर करा, उकिडवे बसा. कंबरेमागे, काखेत किंवा मानेशी पोकळी राहिली, तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत शिरतं. छातीभर श्वास मात्र घेता आला पाहिजे. मुंबईच्या घामात निओप्रीन सरकत नाही. एसी खोलीत, पावलांना प्लास्टिकची पिशवी लावून घालून बघा.

ड्रायसूटचं प्रशिक्षण आधी घ्याच. त्यातली हवा पायांकडे गेली, तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. आत सुती कपडे नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकर किंवा फ्लीस घाला.