जुन्या नोटेवरची नक्षी कशी पाहायची

बजारात पितळेच्या भांड्यांवर नावं घालणं हा आपला धंदा. पाण्याच्या गुंडावर आजीचं नाव, ताटावर लग्नाची तारीख. त्यामुळं जुनी नोट हाती आली की मी आधी रेघ पाहतो, किंमत नंतर.

शिकायला महागाची नोट नको. १९९६ पासूनच्या महात्मा गांधी मालिकेतली शंभराची जुनी नोट घ्या, त्यातल्या त्यात कोरी. सोबत घड्याळवाल्याचं भिंग.

पहिले बोट. हात कोरडे करा आणि गांधीजींच्या चेहऱ्यावरून, मग डाव्या कडेच्या त्रिकोणावरून पेर हलकंच फिरवा. खरखर लागते. छपाईच्या प्लेटवर रेघा खोदलेल्या असतात. खाचांत शाई भरतात, वरची पुसतात, मग जबर दाबानं कागद त्यात दाबतात. आमच्या भांड्यावर रेघ खाली जाते, इथं वर येते. झिजलेल्या नोटेवर उठाव राहत नाही. लहान किमतीच्या बऱ्याच नोटा तर ऑफसेटवरच, म्हणजे खोदलेल्या खाचा नसलेल्या प्लेटवर छापल्या, त्या सपाटच.

मग भिंग. चेहऱ्यावर रंग असा कुठंच भरलेला नाही, नुसत्या रेघा न् ठिपके. उजेडाच्या जागी रेघा बारीक अन् दूर, सावलीत जाड अन् जवळ. खाच जेवढी खोल तेवढी शाई जास्त.

जाळीदार नक्षीला गिलोश म्हणतात. तिची एकच रेघ धरा आणि नजरेनं तिच्यामांगं जा. कुठं हात उचलल्याचं दिसत नाही, कारण हातानं काढलेलीच नाही; पूर्वी ती दातेरी चाकांच्या यंत्रावर कोरत. चाकं बदलली की नक्षी बदलायची. छिन्नीनं तशी काढून पाहा राजेहो, दुसऱ्याच वळणावर हात फसते. नकली नोटवाल्याचीही तीच गत व्हावी म्हणून तर ती घातली.

आता माझ्या आवडीची जागा. गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडं उभी पट्टी आहे. सरळ पाहिलं तर नुसती पट्टी. नोट डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा, खिडकीकडं तोंड करून हळूहळू फिरवा. आत १०० उमटते! जादू काहीच नाही. आकड्यातल्या रेघा एका दिशेच्या, बाजूच्या दुसऱ्या दिशेच्या. तिरप्या नजरेला एकीचा उठाव दुसरीहून वेगळा दिसते. पितळेवरही आडवा घाव न् उभा घाव वेगळे चमकतात, पण त्यात आकडा लपवायची अक्कल आम्हाला काही सुचली नाही.

नोट धुऊ नका, इस्त्री करू नका. उठाव बसला की गेला. फाटली तरी चिकटपट्टी नको. लॅमिनेशन तर मुळीच नको. पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसी प्लास्टिकच्या नाही, अन् जागा ओल नसलेली. आणि २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा जमवत असाल तर २०१७ चा कायदा आहे: एरवी मिळून १० च्या वर ठेवता येत नाहीत, अभ्यासाला किंवा संग्रहाला २५ पर्यंत.