कानाने लक्षात ठेवणाऱ्यांनी अभ्यास कसा करावा

मला चेहऱ्यांआधी आवाज आठवतात. वाचलेलं पान पुसलं जातं, पण कोणी समजावून सांगितलेलं त्याच्या हेलासकट कानात राहतं. तुमचंही असंच असेल, तर नुसतं रेकॉर्डिंग लावून पडून राहू नका. ऐकलेला आवाज जसाच्या तसा मनात काही सेकंदच टिकतो. तो पक्का करायला स्वतः बोलावं लागतं.

पण अख्खं पान मोठ्याने वाचायचं नाही. मानसशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या प्रयोगांत मोठ्याने वाचलेले शब्द मनात वाचलेल्यांपेक्षा जास्त आठवले, आणि हा फरक ठळक दिसला तो दोन्ही प्रकारचे शब्द एकाच यादीत होते तेव्हा. म्हणून पान आधी मनात वाचा. महत्त्वाच्या दोन-तीन ओळीच खणखणीत म्हणा. मग पुस्तक मिटून त्याच ओळी आपल्या शब्दांत सांगा. अडलात तरी लगेच पुस्तक उघडू नका; आठवायची धडपड हाच खरा अभ्यास.

आकृतीला चाल लावा. हृदयातला रक्ताचा प्रवास मी बोटाने ठेका धरून म्हणते: उजवे अलिंद, उजवे निलय, फुप्फुसे; डावे अलिंद, डावे निलय, महाधमनी (अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, निलय म्हणजे खालचा). ‘फुप्फुसे’नंतर एक ठोका रिकामा सोडायचा. पण बोट आकृतीवरच फिरू द्या. ‘मी कानाचा माणूस’ म्हणून चित्रं टाळणं मला अजिबात पटत नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा ज्याच्या-त्याच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. नकाशा शेवटी पाहूनच कळतो.

सारख्या आवाजाचे शब्द आपल्याला हमखास गोंधळात टाकतात. परावर्तन (प्रकाश परत फिरणं) आणि अपवर्तन (प्रकाश वाकणं) लागोपाठ घोकू नका. एक आज, दुसरा उद्या, आणि प्रत्येकाबरोबर हाताची खूण: परावर्तनाला तळहात मागे फिरवा, अपवर्तनाला मनगट किंचित वाकवा.

पाठांतराच्या वेळी शब्द असलेली गाणी आणि बातम्या बंद. मागे चाललेलं बोलणं, त्याकडे लक्ष नसलं तरी, शब्दांच्या स्मरणात ढवळाढवळ करतं.

परीक्षेत मोठ्याने बोलता येणार नाही, तेव्हा शेवटच्या उजळण्या ओठ मिटून, मनातल्या मनात, पण त्याच ठेक्यात करा.