फेरीआधीची तयारी: काळ्याकडून कारो-कान

बुद्धिबळ स्पर्धेत पेअरिंग (फेरीत कोण कोणाशी खेळणार याची यादी) लागलं की आधी आपला रंग आणि बोर्ड क्रमांक पाहा, मग प्रतिस्पर्ध्याचे डाव शोधा. तो ई४ ने सुरुवात करत असेल आणि आपण काळ्याकडून कारो-कान ही सुरुवात (१.ई४ सी६ २.डी४ डी५) खेळणार असू, तर एकच गोष्ट तपासायची: तिसऱ्या खेळीला तो ई५ ढकलतो, डी५ वर मारतो की घोडा सी३ वर काढतो. तिन्ही शाखा एका रात्रीत होत नाहीत. तो जी खेळतो तिलाच वेळ द्या आणि वहीत प्रत्येक खेळीशेजारी तिचं कारण लिहा. नुसती पाठ केलेली ओळ प्रतिस्पर्ध्याने क्रम बदलला की तुटते.

३.ई५ उंट एफ५ ४.एच४ ही जागा पटावर मांडूनच पाहा. इथे सवयीने ई६ खेळलात तर ५.जी४ येते, उंट ई४ वर पळतो, ६.एफ३ त्याला जी६ वर हाकलते आणि ७.एच५ ला उंट अडकतो, कारण एच७ वर आपलंच प्यादं असतं. म्हणून ४...एच५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी). ४...एच६ ने एच७ मोकळं होतं खरं, पण ५.जी४ नंतर उंट तिथे नेला की ६.ई६ चं बोचरं बलिदान येतं. तेव्हा उंट डी७ वर घ्यावा. पुढे प्यादं सी५ वर कधी ढकलायचं, हे ठरलेलं हवं. डी५ वर मारामारी होऊन पांढऱ्याने सी४ केली, तर डी४ चं प्यादं बहुधा एकटं पडतं. त्याच्यासमोर डी५ वर घोडा बसवायचा, एवढं पक्कं असलं तरी पुरतं.

सामान थोडंच: दोन पेनं, पाणी, साधं मनगटी घड्याळसुद्धा नको. मोबाइल बंद असला तरी खिशात नको, त्याने डाव जातो. उशिराची सवलत किती, ते स्पर्धेच्या परिपत्रकात वाचा.

९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद जादा असतील, तर शेवटपर्यंत खेळ्या लिहाव्याच लागतात. कॅसलिंगमध्ये (राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवण्याची खेळी) राजा आधी उचला. ड्रॉ विचारायचा तर खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी. आपल्या खेळीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि त्यावर ड्रॉ मागायचा असेल, तर खेळी पटावर करू नका. कागदावर लिहा आणि पंचांना बोलवा. करून बसलात तर त्या वेळचा हक्क गेला.